बंदी मोजायचा तो दिवसांसकट

जिल्हा कारागृहाच्या कचेरीत भिंतीवर एक फळा असतो. अधिकृत क्षमता इतकी, आजची बंदीसंख्या इतकी. त्यात पुरुष किती, स्त्रिया किती, न्यायाधीन (खटला अजून चालू असलेले) किती, शिक्षा लागलेले किती, स्थानबद्ध किती. खडूने लिहिलेला हा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो आणि वर्तमानपत्रात तोच छापून येतो. आम्ही काही वकील, विधी स्वयंसेवक आणि कारागृह खात्यातून निवृत्त झालेली मंडळी मिळून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या बंद्यांची आकडेवारी गोळा करतो. आमचं काम फळ्याच्या पुढे सुरू होतं: कोण किती दिवस आत आहे, आणि अजून बाहेर का आलेलं नाही. धुळ्याचा तुरुंग म्हटलं की खान्देशात लोकांना १९३२ मधले विनोबा आणि साने गुरुजी आठवतात. आज त्याच गावच्या तुरुंगात कोण आहे आणि कशासाठी आहे, हेही लोकांना माहीत असायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. हे काम दुसऱ्या कुणाला आपल्या जिल्ह्यात करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून ते कसं करतो ते लिहितो.

पहिला प्रश्न, मोजायचं कुणाला? माणूस अटकेत आहे म्हणजे तो जिल्हा कारागृहातच आहे असं नाही. तो पीसीआरवर, म्हणजे पोलीस कोठडीत, ठाण्याच्या लॉकअपमध्ये असेल, तालुक्याच्या दुय्यम कारागृहात असेल, सिव्हिल हॉस्पिटलच्या कैदी वॉर्डात पहाऱ्याखाली असेल, त्या दिवशी तारखेला कोर्टात नेलेला असेल, नाहीतर संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर घरी असेल. एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली, खटल्याशिवाय, स्थानबद्ध केलेला माणूस बहुधा जिल्ह्याबाहेरच्या मध्यवर्ती कारागृहात असतो, म्हणजे आदेश जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आणि डोकं मोजलं जातं दुसरीकडे. अल्पवयीन मुलं निरीक्षणगृहात असतात, ती या मोजणीत येतच नाहीत. आईबरोबर आत राहणारी सहा वर्षांपर्यंतची लेकरं बंदी नसतात, पण त्यांचा शिधा निघतो. या प्रत्येकासाठी आमच्या तक्त्यात वेगळा रकाना आहे. एक बेरीज करण्याची घाई केली की यातलं कोणीतरी दोनदा मोजलं जातं किंवा एकदाही मोजलं जात नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. दिवसा बंदीसंख्या सारखी हलत असते. सकाळी बराकी उघडल्यावर तारखेची माणसं पोलीस पार्टीबरोबर बाहेर पडतात. दुपारनंतर नवे दाखल येऊ लागतात. रावेर, चोपडा, धडगावकडच्या गाड्यांना पोहोचायला संध्याकाळ होते. जामिनाचे आदेश आले की सुटका होते, तीही संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आधी. म्हणून आम्ही महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, संध्याकाळी बराकी बंद झाल्यानंतरचा आकडा धरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक कारागृह अहवाल ३१ डिसेंबरची स्थिती सांगतो, त्यामुळे आमचा डिसेंबरचा तक्ता त्याच्याशी ताडून बघता येतो.

आकडा घेतल्यावर लगेच मेळ घालायचा: कालची संख्या, अधिक नवे दाखल, अधिक परत आलेले, वजा सुटका, वजा बदली, वजा पोलिसांच्या ताब्यात दिलेले. उत्तर फळ्याशी जुळलं पाहिजे. न जुळल्यास पहिल्यांदा कैदी वॉर्ड बघा, मग ट्रान्स्फर वॉरंट (बंद्याला दुसऱ्या गुन्ह्यात ताब्यात मागवणारा आदेश). बहुतेक फरक या दोन ठिकाणी सापडतो. आणखी एक पडताळणी आहे ती स्वयंपाकघराची. त्या संध्याकाळी किती माणसांचा शिधा निघाला हे वेगळ्या वहीत असतं. त्यातून लेकरांचा आकडा वजा केला आणि उरलेला आकडा बंदीसंख्येपेक्षा चार-पाचने वेगळा आला, तर कोणाची तरी नोंद व्हायची राहिली आहे असं समजायचं.

इथवरची आकडेवारी अर्ध्या दिवसात होते. खरं काम वॉरंटांच्या, म्हणजे बंद्याला आत ठेवण्याच्या कोर्टाच्या आदेशांच्या, गठ्ठ्यावर आहे.

आत मोबाइल आणि लॅपटॉप चालत नाही, ते गेटवर ठेवावे लागतात. म्हणून फॉर्म कागदीच, आणि मोठ्या आकाराच्या कागदावर रुंद रकान्यांचा. परवानगी लेखी आणि नेमकी हवी: कोणती रजिस्टरं, कोणत्या तारखेची, कोण बघणार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या केंद्रात काम करणाऱ्या स्वयंसेवकाला आत जायची मुभा असते, पण ती बंद्याला मदत करण्यासाठी आहे. त्याच मुभेवर आकडेवारी गोळा करू नये, त्यासाठी वेगळं पत्र घ्यावं. नाहीतर एखादा तुरुंगाधिकारी बदलला की सगळं काम तिथेच थांबतं.

दोघांनी बसायचं. एकाने वॉरंट वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. हस्ताक्षर लागायला वेळ जातो, जुन्या वॉरंटावर पाठीमागे तारखांची इतकी दाटी झालेली असते की चिकटवलेल्या कागदांची शेपटी लोंबत असते. एका जोडीकडून तासाला १५ ते २० वॉरंटं नीट होतात. त्याहून वेगाने झाली तर शेवटची दहा परत तपासावीत.

तक्ते दोन करायचे, एक माणसांचा आणि एक गुन्ह्यांचा. हे सुरुवातीलाच केलं नाही तर पुढे दुरुस्त होत नाही. एकाच माणसावर भुसावळ रेल्वे पोलिसांचा एक, बाजारपेठ पोलीस ठाण्याच्या हद्दीतला एक आणि मध्य प्रदेशातला एक असे तीन गुन्हे असू शकतात. सगळं एकाच तक्त्यात लिहिलं तर तो तीन माणसं होतो. उलट बाजूने, एका गुन्ह्यात जामीन झाला म्हणून त्याला ‘जामीन मंजूर’मध्ये टाकलं, तर दुसऱ्या गुन्ह्यामुळे तो आतच आहे हे दिसत नाही. माणसाला एक क्रमांक, प्रत्येक गुन्ह्याला वेगळा क्रमांक, आणि दोन्ही तक्ते त्यांनी जोडलेले. एका गुन्ह्यात शिक्षा आणि दुसऱ्यात खटला चालू असेल तर माणसांच्या तक्त्यात तो सिद्धदोष, म्हणजे शिक्षा लागलेला. गुन्ह्यांच्या तक्त्यात दोन्ही ओळी राहतात.

गुन्ह्याच्या ओळीत पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष, कायदा, कलम, कोर्ट, पुढची तारीख आणि सीएनआर नंबर (ई-कोर्टवरचा खटल्याचा क्रमांक). कायदा आणि कलम हे दोन वेगळे रकाने ठेवणं १ जुलै २०२४ पासून अगदी गरजेचं झालं आहे. त्या दिवसाआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिता लागू आहे, नंतरच्यांना भारतीय न्याय संहिता. वॉरंटावर नुसतं ‘३०२’ लिहिलेलं असतं. जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत खुनाला १०३ आहे आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. जुनं ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, नवं ३०७ चोरीच्या प्रकारातलं. जुनं ३०४ सदोष मनुष्यवधाचं, नवं ३०४ म्हणजे हिसकावून केलेली चोरी. गुन्हा कधी घडला ती तारीख बघितल्याशिवाय कलमाचा अर्थ लावायचा नाही. संगणकात कलमावरून आपोआप गुन्ह्याचा प्रकार भरायची सोय केलेली असेल तर ती आधी बंद करावी.

कमाल शिक्षा लिहितानाही अशीच काळजी. साधी चोरी, ३०३(२), तीन वर्षं. घरातली चोरी, ३०५, सात वर्षं. रात्रीची घरफोडी, ३३१(४), हिच्यात पाच वर्षं लिहून मोकळं होणारे पुष्कळ असतात, पण घरफोडी चोरीसाठी असेल तर तीच शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. आणि घरफोडी जवळजवळ नेहमी चोरीसाठीच असते. पाच लिहिल्यास एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष आठ महिने, चौदा लिहिल्यास चार वर्षं आठ महिने. तीन वर्षांचा फरक एका चुकीच्या रकान्यातून पडतो.

हा एक तृतीयांश कशासाठी, ते सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे न्यायाधीन बंद्याने त्याच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, आणि तो पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल तर एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की ही एक तृतीयांशची सवलत १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही मिळते. काळ पूर्ण झाला की कोर्टाला लेखी अर्ज करायची जबाबदारी कलमाने थेट कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. त्यामुळे दिवसांचा रकाना ही नुसती आकडेवारी राहत नाही; त्यात ज्याचा काळ भरला त्याच्या नावाने अर्ज निघायला हवा.

‘पहिल्यांदाच’ याचा कायद्यातला अर्थ आधी कधीही शिक्षा झालेली नाही, इतकाच आहे. आधी गुन्हे दाखल असणं वेगळं. रजिस्टरला ‘सराईत’ असा शेरा असेल तर तो बहुतेक वेळा दाखल गुन्ह्यांवरून मारलेला असतो. तो उतरवून घेऊ नका. पूर्वीच्या शिक्षेचा कोर्टाचा निकाल आहे का, एवढंच विचारा. मात्र त्याच कलमात अशीही अट आहे की एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली जामीन नाही. म्हणून दोन तक्ते लागतात. आणि आरोपीमुळेच खटला लांबला असेल तर तो काळ वजा होतो, त्यासाठी शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवायचा.

दिवस कुठून मोजायचे? अटकेच्या तारखेपासून. कारागृहाच्या रजिस्टरमध्ये दाखल तारीख असते, आणि ती उशिराची असते, कारण आधीचे दिवस माणूस पोलीस कोठडीत होता. पूर्वी पहिल्या पंधरा दिवसांतच पीसीआर मिळायचा. आता पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येते. म्हणजे माणूस एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होऊन कारागृहात येतो, परत पोलिसांकडे जातो, परत येतो. परत आला की त्याला नवा दाखल क्रमांक पडू शकतो आणि नवी तारीख. रजिस्टरवरून मोजलं तर त्याचे दिवस पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि वर्षभराच्या दाखल संख्येत तो दोनदा येतो. वॉरंटाच्या पहिल्या पानावरची अटकेची तारीख घेतली की हा घोळ संपतो.

दोषारोपपत्राची मुदत वेगळी मोजावी लागते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यात ६०. ही मुदत पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या, दिवसापासून, आणि तो दिवस धरून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नक्की केलं. पहिला रिमांड ५ जानेवारी २०२५ चा असेल तर जानेवारीचे २७, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ५ मिळून साठावा दिवस ५ मार्च. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर ६ मार्चला जामिनाचा हक्क तयार होतो, आणि तो मागावा लागतो. दोषारोपपत्र कधी दाखल झालं हे कारागृहाला कळवलेलं असेलच असं नाही. सीएनआर नंबरवरून ई-कोर्टवर बघावं लागतं. पुढची तारीखही तिथूनच ताडावी, कारण व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजर केलेल्या बंद्याची तारीख वॉरंटावर चढायला उशीर होतो. शिरपूरच्या पट्ट्यातल्या गांजाच्या गुन्ह्यांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. गांजा २० किलोपेक्षा जास्त असेल तर ती व्यावसायिक मात्रा, आणि मुदत १८० दिवसांची. वजन वॉरंटावर नसतं. ते फिर्यादीत किंवा पंचनाम्यात सापडतं, म्हणून अशा वॉरंटांचा वेगळा गठ्ठा काढून ठेवावा.

आता नावांकडे. बाहेरून आलेला माणूस खान्देशात सगळ्यात जास्त इथेच अडकतो. अक्कलकुव्यातला वसावे हद्द ओलांडून गुजरातेत गेला की वसावा होतो. सातपुड्यात आपल्याकडे जो पावरा, तो मध्य प्रदेशच्या बाजूला बारेला. केळीच्या बागांत कामाला आलेला एकच माणूस रावेरच्या गुन्ह्यात बारेला आणि शिरपूरच्या गुन्ह्यात पावरा म्हणून लिहिलेला असू शकतो. त्यात पोलिसांनी नाव मराठीत लिहिलं, ई-प्रिझन या कारागृहांच्या संगणक प्रणालीत ते रोमन लिपीत चढलं, आणि आम्ही ते परत मराठीत आणलं, की तिसरंच नाव तयार होतं. नावावरून जुळवायचं नाही. वडिलांचं नाव, गाव, पाडा आणि गु.र.नं. ही चारही जुळली तर तो एकच माणूस. गावाबरोबर पाडा लिहिणं फार महत्त्वाचं. एका महसुली गावात दहा पाडे असतात आणि एकाच नावाचे दोन-तीन जण सहज निघतात.

‘इतर राज्यातील’ हा रकानाही याच भागात खोटा ठरतो. वॉरंटावर पत्ता शेतमालकाच्या बागेचा असतो, हल्ली मुक्काम अमुक शिवार. मूळ गाव खरगोन किंवा बडवानी जिल्ह्यातलं. भुसावळ जंक्शनवर पकडलेल्याचं उलटं होतं: पत्ता उत्तर प्रदेशातला लिहिलेला आणि माणूस कित्येक वर्षं जळगावात भाड्याने राहणारा. आम्ही दोन रकाने ठेवतो, मूळ गाव आणि अटकेच्या वेळचा मुक्काम. जामीनदार कुठून येणार हे पहिल्यावरून कळतं, खटल्याला हजर राहील का याचा अंदाज दुसऱ्यावरून येतो.

आडनावावरून धर्म लिहू नये. यावल-रावेरकडचे तडवी बहुतेक मुसलमान, अक्कलकुव्याकडचे तडवी नव्हेत, दोन्ही आदिवासीच. विचारल्याशिवाय हा रकाना भरला तर पूर्ण तालुक्याची आकडेवारी उलटी होते. जातीचा रकाना तर आम्ही कारागृहाच्या रजिस्टरमधून घेतच नाही. बंद्यांच्या रजिस्टरमधून जातीचा रकाना काढून टाकावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला दिला. तो निकाल आला कशामुळे, हे विसरू नये: जातीवरून कामं वाटली जात होती, आणि भटक्या-विमुक्तांना जन्मानेच गुन्हेगार धरलं जात होतं. पारध्यांच्या पालावर हे आजही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

वय हा सगळ्यात नाजूक रकाना. रजिस्टरमध्ये १८, १९, २० या वयांची गर्दी दिसते आणि १७ कुठेच नसतं. अटकेच्या वेळी वय अंदाजे लिहिलं जातं. १८ ते २१ मधल्या प्रत्येक बंद्याचा जन्मदाखल्याचा कागद आहे का, हे आम्ही वेगळं नोंदतो. नसेल तर शाळा विचारायची. सातपुड्यातली बहुतेक मुलं कुठल्या ना कुठल्या आश्रमशाळेत दोन-चार वर्षं तरी गेलेली असतात आणि तिथल्या रजिस्टरला जन्मतारीख असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये शाळेचा दाखला पहिल्या क्रमांकावर आहे, मग नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. दाखल्यावर जन्मतारीख १ जून निघाली तर नवल नाही. गुरुजींनी पटावर नाव घेताना घातलेली ती तारीख अर्ध्या महाराष्ट्राची आहे. पण कायद्याने तोच पुरावा, आणि त्या तारखेप्रमाणे मुलगा गुन्ह्याच्या दिवशी १८ चा नसेल तर त्याची जागा मोठ्यांच्या कारागृहात नाही. असा एक जरी निघाला तरी तक्ता बाजूला ठेवून आधी विधी सेवा प्राधिकरणाला लेखी कळवायचं.

बंद्याशी बोलून भरायचे रकाने थोडेच ठेवावेत आणि प्रश्न त्याच्या बोलीत विचारावेत. “आठे कितला दिन व्हयनात?” म्हटलं की उत्तर मिळतं, ‘स्थानबद्धतेचा कालावधी’ म्हटलं की माणूस शेजाऱ्याकडे बघतो. अहिराणी धुळे-जळगावला चालते, धडगावकडच्या बंद्यासाठी पावरी किंवा भिली बोलणारं कोणीतरी लागतं. बराकीतल्या दुसऱ्या बंद्याला दुभाषा करू नये, त्याच्यासमोर बरंच काही सांगितलं जात नाही. ‘वकील आहे का’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. वकिलाचं नाव काय, आणि शेवटचा कधी भेटला, असं विचारलं की हा रकाना खरा भरतो.

तालुक्याच्या दुय्यम कारागृहांची गोष्ट वेगळी आहे. इथे अधीक्षकाचं काम तहसीलदारांकडे, पहारा पोलिसांचा, वॉरंट कोर्टाचं. अनेक ठिकाणी पोलीस कोठडीतले आणि न्यायालयीन कोठडीतले लोक एकाच इमारतीत असतात. त्यातच चाप्टर केसमध्ये (शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईत) कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी आत टाकलेले. सण आणि निवडणुका आल्या की हा शेवटचा आकडा फुगतो, म्हणून आम्ही तो कधीच न्यायाधीन बंद्यांत मिळवत नाही. आचारसंहितेच्या महिन्याची तुलना साध्या महिन्याशी केली की गुन्हे वाढल्याचा भास होतो.

इथली माहिती बहुधा माहिती अधिकारातून काढावी लागते. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे मजकूर १५० शब्दांत. ‘तालुक्यातील सर्व बंद्यांची वर्गवार माहिती द्यावी’ असं मागितलं की तीस दिवसांनी ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, आणि कायद्याने ते चालतं. म्हणून जो कागद तिथे आहे तोच मागायचा: अमुक तारखेच्या बंदी रजिस्टरच्या पानाची प्रत, नावं झाकून. पानाला दोन रुपये पडतात. त्याहून बरं म्हणजे अभिलेख पाहणी मागणं. पहिला तास विनाशुल्क, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. रजिस्टर समोर असलं की तीन महिन्यांची पानं एका तासात उतरवून होतात.

सगळं जमल्यावर टक्केवारी काढायची, आणि तिथे घसरायला फार जागा आहेत. समजा क्षमता २००, त्यात पुरुषांची १८० आणि स्त्रियांची २०. आत पुरुष ३९० आणि स्त्रिया ६. एकत्र भरणा १९८ टक्के. पण पुरुषांच्या बराकीत तो जवळजवळ २१७ टक्के आहे आणि स्त्रियांच्या बाजूला ३०. दोन आकडे वेगळेच द्यावेत. शक्य असेल तर बराकीचं क्षेत्रफळही घ्यावं. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा धरली आहे.

देशाच्या आकड्याशी तुलना करतानाही थांबावं. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे ७५.८ टक्के. जिल्हा कारागृहात हे प्रमाण त्याहून जास्त निघणारच, कारण मोठी शिक्षा लागलेला माणूस इथे राहत नाही, तो मध्यवर्ती कारागृहात, बहुधा नाशिकरोडला जातो. त्यावरून ‘खान्देशात न्याय जास्त रखडतो’ असं लिहिणं चूक. रखडतो की नाही हे दिवसांवरून कळतं: तीन महिन्यांपर्यंत, तीन ते सहा, सहा ते बारा, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, तीन ते पाच, पाचच्या वर. राष्ट्रीय अहवालाचे टप्पे हेच आहेत, आपणही हेच ठेवावेत.

एका दिवसाची मोजणी आणि वर्षभराचे दाखल यांत केवढं अंतर पडतं, हे उदाहरणाने दाखवतो. समजा एका छोट्या कारागृहात वर्षभरात १२० माणसं आली आणि प्रत्येक जण तीन दिवसांत सुटला. आणखी १२ जण पूर्ण वर्षभर आत राहिले. दाखल रजिस्टर म्हणेल १३२ पैकी १२, म्हणजे ९ टक्के लोक दीर्घकाळ आत. ३१ डिसेंबरला मोजायला गेलात तर तीन दिवसांवाला सरासरी एकच सापडेल आणि दीर्घकाळवाले १२, म्हणजे ९२ टक्के. दोन्ही खरे. पहिल्यावरून पोलीस किती जणांना आत टाकतात ते दिसतं, दुसऱ्यावरून बराकी कशाने भरल्या आहेत ते. फक्त एकच छापला तर वाचणाऱ्याची फसवणूक होते. दिवसांची सरासरीही देऊ नये. पाच वर्षं काढलेले दोघे असले की ती वर जाते. सगळे दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा द्यावा.

आमच्या मते सर्वांत जास्त जीव लावून भरायचा रकाना म्हणजे ‘जामीन झाला, तरी आत’. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावी, तारीख ई-प्रिझनमध्ये चढावी, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. या सात दिवसांच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाचं कारण लिहायचं. खान्देशात कारणं बरीचशी ठरलेली आहेत. जामीनदाराचा सातबारा मागतात. वनपट्ट्यावर कसणाऱ्याकडे तसा सातबारा नसतो. तहसीलचा ऐपत दाखला काढायला दोन खेटे पडतात, एका खेट्याची मजुरी बुडते. आणि दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांवरून घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, आदेश झाला हे कळवायला मागे म्हातारी माणसं तेवढी उरतात. म्हणून या रकान्यात ‘जामीनदार नाही’ असं लिहून थांबायचं नाही. रक्कम किती, जामीनदार किती मागितले, घरचं माणूस कुठे आहे, हे लिहायचं. २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब बंद्यांसाठी योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षेतल्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत जिल्हा समितीमार्फत मिळायची. अमली पदार्थांचे आणि इतर काही कायद्यांचे गुन्हे त्यात बसत नाहीत. रक्कम लिहिलेली असली की कोणाचं नाव समितीपुढे जाऊ शकतं ते लगेच काढता येतं.

छापायच्या तक्त्यात नाव, पाडा, गु.र.नं. काहीही जात नाही. एखाद्या चौकटीत पाचापेक्षा कमी माणसं असतील तर नुसतं ‘५ पेक्षा कमी’ लिहायचं, आणि बेरजेवरून ती संख्या काढता येऊ नये म्हणून शेजारची एक चौकटही झाकायची. नंदुरबारसारख्या ठिकाणी ‘अमुक तालुक्यातली, खुनाच्या गुन्ह्यातली स्त्री, एक’ असं छापलं की ती कोण हे सगळ्या गावाला कळतं.

नावांसकटची यादी वेगळी, आणि ती छापण्यासाठी नसते. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची अंडरट्रायल रिव्ह्यू कमिटी, म्हणजे न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणारी समिती, दर तिमाहीला बसते. तिच्या बैठकीच्या निदान पंधरा दिवस आधी ही यादी प्राधिकरणाच्या सचिवांकडे आणि अधीक्षकांकडे पोहोचवायची: एक तृतीयांश भरलेले, निम्मे भरलेले, दोषारोपपत्राची मुदत टळलेले, जामीन होऊन सात दिवस उलटलेले, वयाचा संशय असलेले. प्रत्येक नावापुढे कलम, दिवस आणि कागदाचा पुरावा. बैठकीच्या आदल्या दिवशी यादी परत कारागृहाच्या रजिस्टरशी ताडायची, कारण मधल्या पंधरा दिवसांत काही जण सुटलेले असतात, काहींची बदली झालेली असते, आणि एखाद्यावर नवा गुन्हा चढून कलम ४७९ चा हिशोबच बदललेला असतो.